नववा आठवडा आणि टीएसएच ०.०४, गोळी सुरू करायची का? मदत हवी आहे

बहीण देवगडला असते. गरोदरपणाचा नववा आठवडा संपत आलाय. रिपोर्ट काल आले: टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) ०.०४, टोटल टी४ (थायरॉइडचं एकूण हार्मोन) १३.४, बीटा एचसीजी (गरोदरपणातलं हार्मोन) १,४८,०००. पहिल्या दोन आकड्यांना लाल खूण आहे. उलट्या खूप होतात. आधी थायरॉइड नव्हता, घरातही कुणाला नाही. डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर कार्बिमाझोल (थायरॉइडचं काम कमी करणारी गोळी) सुरू करा, असं औषधाच्या दुकानात सांगितलं. काय करावं?

कातळसडा:
कार्बिमाझोल स्वतःहून अजिबात देऊ नका. साधारण सहावा ते दहावा आठवडा बाळाचे अवयव घडण्याचा असतो, आणि हे औषध त्यात दोष आणू शकतं. खरोखर गरज पडलीच तर पहिल्या तिमाहीत डॉक्टर वेगळं औषध निवडतात.

आता आकड्यांकडे या. बीटा एचसीजीची ठेवण टीएसएचसारखीच असल्याने ते थायरॉइडला थेट चालना देतं. ग्रंथी जास्त काम करू लागली की मेंदूकडून येणारा टीएसएच आपोआप खाली जातो. आठव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी शिखरावर असतं, म्हणून टीएसएच नेमका याच वेळी तळाला दिसतो. ज्यांना उलट्या जास्त, त्यांच्यात हे बरेचदा आढळतं. टोटल टी४ वर चढलाय, कारण गरोदरपणात हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं. रिपोर्टवरची मर्यादा गरोदर नसलेल्यांची आहे, त्यामुळे त्या लाल खुणेवर जाऊ नका. खरी माहिती फ्री टी४ (त्या प्रथिनाला न चिकटलेला, मोकळा टी४) देईल. तो थोडाच वर असेल आणि बाकी काही त्रास नसेल, तर बहुतेक वेळा गोळी लागत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

गळ्याशी सूज, डोळे बटबटीत, हाताला कंप किंवा गरोदरपणाआधीपासूनच धडधड असेल, तर मात्र टीआरएबी ही थायरॉइडला चेतवणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी हवी. सोनोग्राफी झाली नसेल तर तीही आताच करून घ्या. जुळी किंवा द्राक्षगर्भ (बाळाऐवजी वारेची द्राक्षांसारखी विकृत वाढ) असला तरी एचसीजी भरपूर वाढतं.

लॅबवाला:
केस-नखांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे का? ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळीने काही मशिनवर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त येतो. अशा मशिनवर बीटा एचसीजीही कमीच दिसायला हवं होतं, इथे ते चांगलं वर आहे. म्हणून शक्यता कमी वाटते, तरी विचारा. चालू असेल तर पुढचं रक्त देण्याआधी तीन दिवस बंद ठेवा आणि त्याच लॅबमध्ये द्या.

धागाकर्ती:
बायोटिन नाही. फक्त फॉलिक अॅसिड. पण कालपासून पेजही टिकत नाही.

कातळसडा:
मग टीएसएचपेक्षा हे महत्त्वाचं. पाणीही पोटात ठरत नसेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा वजन ५ टक्क्यांनी उतरलं असेल, तर सोमवारची वाट पाहू नका. आजच जवळच्या रुग्णालयात सलाइन लावून घ्या आणि लघवीतले कीटोन (पोटात अन्न नसलं की तयार होणारे पदार्थ) तपासा. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी१) द्यायला डॉक्टरांना आठवण करा, कारण दिवसेंदिवस उलट्या झालेल्या बाईत ते कमी पडलेलं असू शकतं.

तिथे रक्त घेतीलच, त्याच नमुन्यात फ्री टी४, सोडियम आणि पोटॅशियम लिहून घ्या, म्हणजे पुन्हा सुई टोचायला नको.