‘पेट पीव्ह’ला मराठीत काय म्हणाल? आणि ‘डोक्यात जाणे’ हा प्रयोग चुकीचा आहे का?

कागदपेन
मंडळी, अडले आहे. एका इंग्रजी ललित लेखसंग्रहाचा अनुवाद करते आहे. त्यात रोजच्या बारीकसारीक गोष्टींवर एक अख्खा लेख आहे. लिफ्टचं बटण पेटलेलं दिसत असूनही पुन्हा पुन्हा दाबणारे, नुसतं ‘हॅलो’ पाठवून पुढचं काही न लिहिणारे, चार लोकांत बसून मोबाइलचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावणारे, प्रिंटरमधला शेवटचा कागद वापरून तसेच निघून जाणारे. लेखिका या सगळ्यांना ‘पेट पीव्ह’, म्हणजे आपल्याला खास चिडवणारी बारीकशी गोष्ट, म्हणते आणि तो शब्द लेखात एकोणीस वेळा येतो.

मी पहिल्या खर्ड्यात ‘लाडका वैताग’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘क्षुल्लक त्रास’ केलं. मला हे अजिबात पटलेलं नाही. त्रास क्षुल्लक आहे हे ज्याला तो होत नाही तोच ठरवतो. शेजारी बसून कुणी तासभर पेनाचं बटण टिकटिकवत असेल तर ते सोसणाऱ्याला क्षुल्लक वाटत नाही. शिवाय ‘पेट’मध्ये, म्हणजे पाळीव, लाडक्या गोष्टीत, ‘हा माझा, खास माझा’ असं काहीतरी आहे, तेच निघून गेलं.

दुसरा शेरा आणखी लागला. ‘ही गोष्ट माझ्या डोक्यात जाते’ असं मी एका ठिकाणी लिहिलं होतं. त्यावर समासात लिहून आलं, ‘डोक्यात यश जातं, गोष्ट नाही. अशुद्ध.’ मी लहानपणापासून बहिणीशी भांडताना हेच म्हणत आले आहे. दोन्हींवर मत द्या.

जुनेपान
संपादकांचं दुसऱ्या मुद्द्यावर शंभर टक्के बरोबर आहे. यश डोक्यात जातं, पद डोक्यात जातं, म्हणजे माणूस चढेल होतो. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, वाक्प्रचारांच्या यादीत हाच अर्थ होता. ‘तो माझ्या डोक्यात जातो’ हे गेल्या काही वर्षांतलं कॉलेजच्या कट्ट्यावरचं बोलणं आहे. बोला खुशाल, पण पुस्तकात नको.

आणि ‘लाडका वैताग’ तर मुळीच नको. लाडकं म्हणजे ज्याच्यावर जीव आहे ते. नको असलेल्या गोष्टीला लाडकी म्हणायची इंग्रजीची ती लकब आहे, आपली नाही. आपल्याकडे ‘वावडं’ हा इतका नेमका शब्द असताना शोधाशोध कशाला? ‘मला बटण टिकटिकवण्याचं वावडं आहे.’ एकाला सोसतं, दुसऱ्याला सोसत नाही. तुमचं ‘खास माझं’ त्यात आलंच.

धावतीनोंद
सर, वावडं म्हटलं की मला अंगावर पित्त उठलेलं दिसतं. आणि वावडं असलेली गोष्ट माणूस टाळू शकतो. लिफ्टमधला माणूस कुठे टाळता येतो?

‘डोक्यात जाणे’बद्दल: माझी आई साठीची आहे, तीही ‘तो आवाज डोक्यात जातो बाई’ म्हणते. ती कॉलेजच्या कट्ट्यावर बसत नाही. लोक बोलतात, समोरच्याला लगेच कळतं, मग अशुद्ध काय उरलं?

कोशकीटक
आधी इंग्रजीचं सांगतो, म्हणजे उगाच दबून जायला नको. ‘पीव्हिश’, म्हणजे किरकिरा, हा शब्द चौदाव्या शतकापासून सापडतो. ‘पीव्ह’ मात्र त्याचं शेपूट कापून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेला. म्हणजे पाचशे वर्षं इंग्रजांना आणि अमेरिकनांना असले त्रास होतच होते, पण त्यांच्याकडेही हे नाम नव्हतं. आपल्याकडे नाही म्हणून भाषा कमी पडते असा निष्कर्ष कुणी काढू नये.

आता ‘डोक्यात जाणे’. माझ्या मते हा नवा प्रयोग नाही, जुन्याचा तुकडा आहे. ‘डोक्यात तिडीक गेली’ आपण म्हणतोच. तिडीक म्हणजे मुळात सणक, एकदम उठणारी कळ. ‘तळपायाची आग मस्तकात गेली’ हेही आहेच. दोन्हींत वर, डोक्याकडे, काहीतरी जातं. बोलता बोलता तिडीक गळली, आग गळली आणि ‘डोक्यात गेली’ एवढंच उरलं. पुढची पायरी अशी की आता तिडकेऐवजी तिडीक आणणारा माणूसच डोक्यात जातो. ‘तो डोक्यात जातो.’ कर्ता बदलला, वाट तीच राहिली.

जुनेपान
तर्क सुंदर आहे, पण तर्कच आहे. मधली पायरी दाखवा. ‘त्याच्या बोलण्याने डोक्यात तिडीक जाते’ इथपासून ‘तो डोक्यात जातो’ इथपर्यंतचं एखादं छापील वाक्य द्या, मी मान्य करीन.

मधलीसुट्टी
छापील नाही, पण घरातलं देते. आमची आत्या चिडली की फक्त ‘गेली, गेली, गेली डोक्यात!’ एवढंच म्हणायची. काय गेली ते कधीच सांगायची नाही. स्त्रीलिंगी ‘गेली’ म्हणजे तिडीकच ना?

मूळ प्रश्नातलं मोबाइलवरचं वाचून एक आठवलं. दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं की मी दोन समोरासमोर बोलणाऱ्यांपेक्षा जास्त वैतागते. वाटायचं, आपलंच मन कोतं आहे. पण कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लोकांना लक्ष देऊन करायची कामं दिली आणि करताना संभाषण ऐकवलं. दोन्ही बाजू ऐकू आल्या तेव्हा कामात फारसा फरक पडला नाही. एकच बाजू ऐकू आली तेव्हा चुका वाढल्या. मेंदू पुढचं वाक्य काय असेल याचा अंदाज बांधत राहतो आणि अर्ध्या संभाषणात तो अंदाज बांधता येत नाही. म्हणजे ते खरंच डोक्यात जातं, अगदी शब्दशः! सर, हा पुरावा चालेल का?

जुनेपान
मेंदूचा पुरावा मेंदूसाठी. मी वाक्प्रचाराचा मागितला होता.

शांतकोपरा
मी सहसा लिहीत नाही, पण हा विषय माझा आहे. काही आवाज मला सोसत नाहीत. चावण्याचा आवाज, नाक सुरसुर ओढण्याचा, तेच पेनाचं बटण. सोसत नाहीत म्हणजे नुसते आवडत नाहीत असं नाही. छाती धडधडते, उठून जावंसं वाटतं. याला ‘मिसोफोनिया’ म्हणतात. २००१ साली जॅस्ट्रेबॉफ पतिपत्नींनी तो शब्द ग्रीकवरून बनवला: मिसोस म्हणजे द्वेष, फोने म्हणजे आवाज. तो माझ्या वाचनात आला त्या दिवशी मी रडले होते, कारण तोपर्यंत घरात त्याला ‘नखरे’ हा एकच शब्द होता.

म्हणून कागदपेनताईंना कळकळीने सांगते, ‘क्षुल्लक’ नका लिहू. आणि मराठी शब्द सापडला तर मलाही हवा आहे. ‘आवाजद्वेष’ लिहून पाहिलं, पण मी आवाजाचा द्वेष करत नाही, आवाजच मला छळतो.

कोशकीटक
शांतकोपरा, ‘छळतो’ हे क्रियापद तुम्ही अचूक वापरलंत. ‘ध्वनिछळ’?

जुनेपान
ध्वनी संस्कृत, छळ हा छलचा मराठी अवतार. जोड बरी लागत नाही. ‘नादपीडा’ म्हणा, दोन्ही संस्कृत. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे सावरकरांनी दिलेले शब्द अशा नीट घडणीमुळेच टिकले.

धावतीनोंद
टिकले ते सरकारी कागदावर रोज छापले गेले म्हणून. ‘नादपीडा’ कोण छापणार? आणि नाद म्हटल्यावर लोकांना आधी छंद आठवतो. नादी लागणे, नाद सोडणे. शांतकोपराताईंना नादाची पीडा आहे असं कुणी ऐकलं तर काय समजेल?

शांतकोपरा
मला ‘नादपीडा’ आवडला होता. पण हे खरं आहे.

मधलीसुट्टी
जोडशब्द बनवण्यापेक्षा आपल्याकडे आधीच केवढी रास आहे बघा. किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, कटकट, कचकच, तणतण, चिडचिड, धुसफूस. मी काल भांडी घासताना (हो, माझं विचार करायचं ठिकाण तेच) त्यांचे दोन गट पाडले. कटकट, पिरपिर, भुणभुण या त्रास देणाऱ्याच्या. तणतण, चिडचिड, धुसफूस या त्रास झालेल्याच्या. किरकिर आणि कुरकुर मधे लोंबकळतात. एवढी नाजूक वाटणी मला दुसऱ्या भाषेत करता येत नाही. कागदपेन, ‘माझी खास कटकट’?

कोशकीटक
‘माझी कटकट’ म्हणजे मी केलेली की मला झालेली?

मधलीसुट्टी
हां. तिथेच अडतंय.

धावतीनोंद
‘वैताग’ला हीच अडचण नाही का? ‘मला वैताग आला’ हे जुनं. आता ‘ती मीटिंग म्हणजे वैताग आहे’, ‘तू एक वैताग आहेस’ हेही सर्रास चालतं. म्हणजे भावना होती ती वस्तूच झाली. हेच तर ‘पीव्ह’ आहे! मला ‘लाडका वैताग’मधला वैताग अगदी बरोबर वाटतो, लाडका काढा.

जुनेपान
‘तू एक वैताग आहेस’ हे मला फार खुपतं. वैताग ही केवढी मोठी गोष्ट होती! माझी आजी ‘वैतागून गेला’ असं फक्त घरदार सोडून निघून गेलेल्या माणसाबद्दल म्हणायची. संसारातून मन उठणं ते. मला तर त्यात ‘वीतराग’ दिसतो. ज्याचा राग, म्हणजे आसक्ती, निघून गेली तो. वीतराग, वैतराग, वैताग. त्या शब्दाला प्रिंटरच्या कागदाशी आणून बांधलं याचं वाईट वाटतं.

कोशकीटक
सर, तुमच्याच मापाने मोजतो. ‘वैतराग’ हे रूप कुठे छापलेलं दाखवाल? मधला ‘र’ गेला कुठे?

पण मोठा शब्द लहान होण्याचं म्हणाल तर ते आपल्याकडे सारखं झालं आहे. ‘त्रास’ म्हणजे संस्कृतात भीती. ‘भयत्रस्त’मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे. आपण त्याला डासांपर्यंत आणलं. ‘राग’ म्हणजे रंग, ओढ, प्रेम. मराठीत तो संताप झाला. आणि ‘त्रागा’ तर सगळ्यांत मोठा. काठियावाड-गुजरातेत चारण आणि भाट एखाद्याला वचन पाळायला किंवा देणं फेडायला भाग पाडण्यासाठी त्याच्या दारात स्वतःला जखमा करून घेत, प्रसंगी जीव देत. तो त्रागा. आज नेट बंद पडलं म्हणून आपण त्रागा करतो. तरी मूळ धागा तुटलेला नाही: रागावलो दुसऱ्यावर आणि इजा करून घेतली स्वतःला. ‘त्रागा करून काय उपयोग’ म्हणतो ते त्यामुळेच शोभतं.

जुनेपान
‘त्रागा’चं हे ठाऊक नव्हतं. आभार. ‘वैतराग’ मी शोधतो आहे.

कागदपेन
तुम्हा सगळ्यांचं वाचून रात्री पुन्हा मजकूर घेऊन बसले. मला एक जाणवलं. मराठीत मी ही गोष्ट कधी नामाने बोलतच नाही. ‘मला खटकतं’, ‘मला खुपतं’, ‘मला डाचतं’, ‘माझ्या डोक्यात जातं’, ‘मला सोसत नाही’. ती गोष्ट कर्ता, मी नुसती ‘मला’. इंग्रजीतली बाई तिचे पीव्ह पाळते, त्यांची मालकीण असते. मराठीत ते बाहेरून येतात आणि अंगात शिरतात, डोळ्यात, डोक्यात, मनात. म्हणून एकोणीसपैकी चौदा ठिकाणी मी नाम काढून क्रियापद केलं आणि वाक्यं एकदम मोकळी झाली. खट् असा आवाज होऊन काहीतरी अडावं तसं ‘खटकतं’ फार कामाला आलं.

उरली पाच. त्यातलं एक लेखाचं शीर्षक आहे. तिथे क्रियापद बसत नाही.

धावतीनोंद
शीर्षक ‘डोक्यात जाणाऱ्या गोष्टी’. झालं.

जुनेपान
‘खटकणाऱ्या गोष्टी’ लिहा. ‘डोक्यात जाणाऱ्या’ वाचून मला एखाद्या यशस्वी माणसाचं चरित्र वाटेल.

शांतकोपरा
पण ‘खटकतं’ फार सौम्य आहे. व्याकरणाची चूक खटकते. मला चावण्याचा आवाज खटकत नाही.

कोशकीटक
‘सल’ कुणी सुचवला नाही अजून. शल्यापासून आला, म्हणजे आत रुतलेलं टोक. लहान आहे, खास आपलं आहे, निघत नाही.

मधलीसुट्टी
सल दुःखाचा असतो हो. कुणी आपल्याला शेवटचं भेटलं नाही, त्याचा. प्रिंटरमध्ये कागद नाही याचा सल नसतो.

कागदपेन
शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे. शीर्षकाची जागा रिकामी ठेवली आहे. आणि ‘डोक्यात जातं’ मी परत घातलं आहे. संपादकांना कोशकीटक यांचं तिडकेचं स्पष्टीकरण पाठवते.

जुनेपान
ते तर्क आहे असंही सोबत कळवा.

मधलीसुट्टी
कुणाला ‘कानात जाणे’ हा प्रयोग रागाच्या अर्थाने माहीत आहे का? म्हणजे पाणी कानात जातं तसं नव्हे. आत्या तोही वापरायची असं मला आता वाटायला लागलंय.