नानीच्या पेटीत हे सुकलेलं काय आहे?

हर्णैची_नात:
हर्णैचं घर रिकामं करतोय. नानीच्या खाटेखाली ॲल्युमिनियमची पेटी निघाली. आत साबणाची डबी, नखं घासायचा ब्रश, दोऱ्याची गुंडी आणि फडक्यात बांधलेलं एक सुकं, काटकुळं गाठोडं, आवळलेल्या मुठीसारखं. अम्मी म्हणते टाकू नकोस, पण पुढे बोलत नाही. नानी दाई होती, मोहल्ल्यातली निम्मी पोरं तिच्या हातची. काय असेल हे?

निवृत्त_नर्सबाई:
पेटी सरकारी. 1977 नंतर गावोगावच्या दायांना प्रशिक्षण द्यायचे, त्यात मिळायची. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेला काही लावायचं नाही, एवढं घोकून घ्यायचो. बाळाच्या धनुर्वाताची भीती ना!

गाठोडं म्हणजे मरियमचं फूल. वाळवंटातलं झुडूप, हाजी मक्केहून आणतात. मेलेलं असलं तरी पाण्यात उलगडतं. कळा सुरू झाल्या की वाडग्यात भिजत घालायचं, फूल उघडेल तशी बाई सुटेल म्हणून.

माझ्या उपकेंद्रातही अशा एक खाला यायच्या. साबण-ब्लेड त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केलं. अडलं ते टेबलावर. "उताणी निजवून कोण जोर लावतो गो?" नाळेवरूनही आमची जुंपायची. त्या वार (प्लासेंटा) पडेपर्यंत नाळ कापायला थांबायच्या, मी मूल बाहेर आलं की लगेच चिमटा लावायचे. पुढे आम्हालाच वरून शिकवलं, निदान एक मिनिट थांबा. तोवर खाला गेल्या होत्या. बाळाला मध चाटवणं मात्र मी कधी चालू दिलं नाही, आणि त्यात माझंच बरोबर होतं.

दाभोळकर:
कौतुक पुरे. माझ्या चुलतीचं बाळंतपणानंतर रक्त थांबेना. दाई पोट चोळत राहिली. होडीने खाडी ओलांडून जीप मिळेपर्यंत सगळं संपलं. 108 ची गाडी आली 2014 मध्ये.

निवृत्त_नर्सबाई:
खरंय. पोट चोळणं चूक नव्हतं हो, पण रक्त थांबवायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन त्या पेटीत नसायचं. 2005 ला जननी सुरक्षा योजना आली, बाया दवाखान्यात यायला लागल्या, ते बरंच झालं.

हर्णैची_नात:
रात्री फूल पाण्यात घातलं. सकाळी वाडगाभर पसरलेलं. अम्मीने पाहिलं आणि ओरडली, "घरात कोणी बाळंतीण आहे का? उगीच कशाला उघडलंस त्याला?" आता खिडकीत वाळत ठेवलंय. परत मिटतंय.