मदत हवी आहे: बालगृहातल्या मुलांना शिकवायला जायचंय, पण शिफ्टचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

चाकण एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यातले काही जण जवळच्या एका बालगृहात नियमित मदतीला जायचं म्हणतोय. एचआरचा प्रस्ताव नेहमीचाच आहे: फराळ, वह्यावाटप आणि बॅनरसमोर मुलांबरोबर ग्रुप फोटो. मला तो अजिबात पटत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख पटेल असे फोटो प्रसिद्ध करता येत नाहीत. कायदा राहू द्या, पण हातात पुडा देऊन लेकराला कॅमेऱ्याकडे बघायला लावणं बरं नव्हे.

तिथल्या अधीक्षिकाबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "खाऊ भरपूर येतो हो. दहावीच्या मुलांना गणित शिकवणारं कुणीतरी द्या. आणि वरच्या मजल्यावरचे नळ गळतात, तेवढे बघा."

नळांचं होऊन जाईल, आमच्याकडे फिटर आहेत. अडचण गणिताची आहे. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ठरावीक दिवशी तोच माणूस जाईल याची खात्री नाही. आधीच माणसं दुरावलेल्या या मुलांसमोर दर वेळी नवा चेहरा नको वाटतो.

शिफ्ट सांभाळून असा वर्ग कुणी वर्षभर चालवलाय का? दोघांच्या जोडीला एक गट दिला तर जमेल का? स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी तुम्ही कशी करून घेतली? जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सगळं मार्गी लावायचंय. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.