झेड-फोर ३५आयचा कूलंट पंप बदलायचाय, गॅरेजवाला म्हणतो जागा बदलून वर बसवू. करू का?

घाटवाला_पुणे
नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू झेड-फोर एसड्राइव्ह ३५आय, २०११ची, तीन लिटर सहा सिलिंडर दोन टर्बोवालं एन-५४ इंजिन, ८१ हजार किमी झालेत, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. गेल्या रविवारी मुंबईहून परत येताना खोपोली सोडून घाट चढायला लागलो आणि पिवळा टेंपरेचरचा दिवा आला, गाडीचा दम गेला, समोरचा फॅन एवढ्या जोरात फिरायला लागला की बायको म्हणाली काहीतरी जळतंय का बघ. लाल व्हायच्या आत कडेला घेऊन बंद केली आणि फ्लॅटबेडवर घरी आणली. स्कॅनरवर २ई८१ आणि २ई८२ निघाले, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी (कूलंट) फिरवणारा इलेक्ट्रिक पंप गेला. वय झालंय, त्याचं वाईट वाटत नाही.

आता खरा प्रश्न. ज्या गॅरेजात दाखवली ते म्हणतात कंपनीचा पंप महाग, शिवाय तो इंजिनाच्या खाली अशा कोपऱ्यात आहे की अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा बाजारातला युनिव्हर्सल इलेक्ट्रिक पंप घेऊ, वर रेडिएटरच्या पट्टीवर ब्रॅकेट मारून हात पोचेल असा बसवू, इग्निशनवरून रिले (किल्लीबरोबर चालू-बंद होणारा स्विच) देऊ, पुढच्या वेळी अर्ध्या तासात बदलता येईल. खर्च निम्म्याहून कमी. ऐकायला पटतंय पण मनाला पटत नाहीये. ज्यांनी या इंजिनावर हात चालवलाय त्यांनी सांगा, जागा बदलली तर काय होईल?

जुना_फिटर
दादा नका करू. मी भोसरीत १९ वर्षं गाड्याच करतोय, माणूस वाईट सांगत नसेल, पण त्याने हा पंप नुसता पाणी फिरवणारा पंप समजलाय आणि तिथेच चूक आहे.

आधी जागेचं सांगतो. हे पंप पाणी ओढत नाहीत, आलेलं पाणी ढकलतात. हापशासारखं खालून खेचणं यांच्या अंगातच नाही. म्हणून पंप सिस्टीमच्या तळाशी पाहिजे, तोंड कायम पाण्यात बुडालेलं, म्हणजे हवेचा बुडबुडा आला तरी तो वर पळून एक्स्पान्शन टाकीत (कूलंट भरायची टाकी) जातो. तुम्ही पंप वर टांगला की सगळ्या सिस्टीमची हवा येऊन नेमकी त्याच्या पोटात बसणार, पंख्या (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) हवेत गरगर फिरत राहील, पाणी जागचं हलणार नाही. आणि या पंपाची मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स कूलंटनेच थंड होतात, बेअरिंगला वंगणसुद्धा कूलंटचंच. कोरडा चालला की संपला.

दुसरं रिलेचं. एन-५४ चा पंप ४०० वॅटचा आहे, १२ व्होल्टवर ३० अँपिअरच्या वर जातो, आणि तो इंजिन कंप्युटरशी एका वायरवरून सतत बोलत असतो, किती वेगाने फिरू ते विचारतो, किती फिरलो ते सांगतो. हळू चालवली तर कंप्युटर पाणी मुद्दाम १०८ अंशांपर्यंत राहू देतो, जोरात हाणली की पंपाचा वेग वाढवून आणि थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) उघडून ९० वर आणतो. रिलेवरचा पंप यातलं काहीच करणार नाही, कंप्युटरला पंप सापडला नाही की पुन्हा तोच पिवळा दिवा आणि तोच गेलेला दम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं टर्बोचं. घाट चढून आलात आणि किल्ली बंद केलीत की इंजिन ऑइल तिथल्या तिथे थांबतं पण टर्बोची एक्झॉस्ट बाजू तापून लाल असते, ती उष्णता बेअरिंगकडे येते आणि अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून या गाडीत इंजिन बंद झाल्यावरही पंप गरजेप्रमाणे ३० मिनिटांपर्यंत टर्बोतून पाणी फिरवत राहतो. इग्निशनवरचा रिले किल्लीबरोबर बंद! पंपाचे पैसे वाचवून दोन टर्बो घालवायचे का?

रेसवेडा_कोल्हापूर
फिटरकाकांशी थोडा असहमत. माझ्या जुन्या एस्टीमला, जी फक्त ट्रॅकवर जाते, मी बेल्टचा पंप काढून बाहेरचा इलेक्ट्रिक पंप लावलाय, चार सीझन झाले एकदाही गरम नाही झाली. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिस क्रेगवाले तर पंपासोबत कंट्रोलरच देतात, इंजिन बंद झाल्यावर पंप चालू ठेवायची सोयसुद्धा त्यात असते. सरसकट वाईट म्हणू नका एवढंच.

जुना_फिटर
बरोबर आहे तुझं, पण तुझ्या गाडीत तू पंप कुठे बसवलायस ते सांग ना. रेडिएटरच्या खालच्या होजवर असणार, म्हणजे तळाशीच. आणि तुझ्या इंजिनाला पंपाशी बोलायचं नव्हतंच मुळी, तू कंट्रोलर लावलास, विषय संपला. इथे इंजिनाचा अर्धा मेंदू पंपाच्या भरवशावर चालतो. बाहेरचा पंप वाईट नाही, या गाडीत त्याला जागा नाही.

नेकारकाठचा
स्टुटगार्टहून लिहितोय. माझ्याकडे ३३५आय कूपे आहे, हेच इंजिन, आणि मागच्या ऑक्टोबरमध्ये पंप मी स्वतः बदलला. इथे मीटवेर्कश्टाट मिळतं, म्हणजे तासावर लिफ्ट भाड्याने देणारं गॅरेज, सकाळी नऊला गेलो आणि दुपारी साडेतीनला निघालो. पुढच्या वेळी चार तासांत होईल असं वाटतं. झेड-फोरमध्ये जागेचा थोडा फरक असेल पण काम तेच.

पंप एक्झॉस्टच्या म्हणजे टर्बोच्या बाजूला पुढे खाली असतो, त्याला लागूनच थर्मोस्टॅट, दोघांमध्ये एक आखूड होज. खालचं कव्हर काढलं, अँटी-रोल बारचे (वळणात गाडी कलू न देणारा आडवा दांडा) क्लॅम्प सोडून बार खाली घेतला तेव्हा कुठे हात नीट गेला. थर्मोस्टॅट सोबतच बदला, वाचवू नका, कारण तो काढल्याशिवाय पंप निघतच नाही आणि सहा महिन्यांनी तो गेला तर हेच सगळं परत. पंपाचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि ते घट्ट करताना ताणले जातात, एकदाच वापरायचे, नवे घ्या, माझा जुन्यांपैकी एक काढतानाच मऊ लागत होता. पंप मूळ बनवणाऱ्या पिअरबर्गचा घेतला, तोच माल, फक्त डब्यावर गाडीवाल्यांचा लोगो नाही.

पोझिशनचं म्हणाल तर माझा सगळा वेळ गेला तो होज क्लॅम्पमध्ये. मूळ क्लॅम्पचे स्क्रू कुठल्यातरी विचित्र दिशेला तोंड करून असतात. नवे लावताना मी आधी पंप, आखूड होज आणि थर्मोस्टॅट असे टेबलावर जुळवून बघितले, क्लॅम्प फिरवून स्क्रूचं डोकं खाली जमिनीकडे येईल असं ठेवलं आणि होजवर पांढऱ्या पेनने खूण केली. वर चढवल्यावर खालून पान्याचं लांब एक्स्टेन्शन घातलं की सरळ डोक्यावर बसतं. ही एक गोष्ट केलीत तर तुमच्या मिस्त्रीचा "हात पोचत नाही" हा मुद्दा अर्धा संपतो.

आणि नवा पंप बसवायच्या आधी पंख्या बोटाने फिरवून बघा. पंप कोरडा पडून राहिला की बेअरिंग चिकटतं, माझा आधी घट्ट लागला, अर्ध्या फेरीला किंचित करकर झाली आणि मग मोकळा सुटला. आत थोडं कूलंट ओतून परत दोन फेऱ्या दिल्या आणि मगच चढवला.

घाटवाला_पुणे
फिटरकाका, नेकारकाठचा, मनापासून आभार. ३० मिनिटांचं मला माहीतच नव्हतं. गाडी बंद केल्यावर कधीकधी पुढून बारीक घूं ऐकू यायचं, मला वाटायचं फॅन असेल. मूळ पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही मागवतोय, गॅरेज तेच, पण त्यांना हे सगळं वाचून दाखवणार. हवा कशी काढायची तेवढं सांगा, कारण ते म्हणाले झाकण उघडं ठेवून गाडी रेस करू.

नेकारकाठचा
अजिबात नाही! या इंजिनात हवा इंजिन बंद ठेवूनच काढायची. टाकी मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा, झाकण लावा, बॅटरीला चार्जर जोडा, विसरू नका, पंप करंट खातो. मग इग्निशन ऑन, इंजिन सुरू करायचं नाही, हेडलाइटचा लो बीम लावून ठेवा म्हणजे इग्निशन मध्येच झोपत नाही. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर सगळ्यात कमी. आता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून १० सेकंद धरा आणि सोडा. पंप आपोआप सुरू होतो आणि साधारण १२ मिनिटं वेग कमीजास्त करत चालतो. सुरुवातीला गुळगुळ आवाज येतो, हळूहळू तो बारीक एकसुरी होतो. थांबल्यावर पातळी बघा, भरा, आणि तेच परत करा. मी तीनदा केलं.

जुना_फिटर
यात माझी एकच भर. पाणी डिस्टिल्ड घ्या, पेट्रोल पंपावर पाच लिटरचा कॅन मिळतो तो. आपल्याकडे बोअरचं पाणी सर्रास टाकतात आणि त्याचा क्षार पंपाच्या बेअरिंगमध्ये आणि टर्बोच्या बारीक लाइनमध्ये बसतो. कूलंट निळं, निम्मं निम्मं. आणि मिस्त्रींना समोर उभं राहून प्रेमाने सांगा, त्यांना हे कोणी शिकवलेलंच नसतं, कमीपणा वाटू देऊ नका.

घाटवाला_पुणे
अपडेट. शनिवारी झालं. स्क्रू खाली ठेवायची युक्ती मिस्त्रींना इतकी आवडली की त्यांनी पोऱ्याला बोलावून दाखवली. जुना पंप हातात घेतला तर पंख्या ओढूनही हलत नव्हती. हवा काढायचं दोनदा केलं, पहिल्या वेळी टाकीत बुडबुडे येत होते, दुसऱ्या वेळी नाही. रविवारी सकाळी खोपोलीपर्यंत खाली जाऊन घाट परत चढलो, दिवा नाही, दम पूर्ण. लोणावळ्यात गाडी बंद केली, बॉनेट उघडून कान दिला, घूं आवाज बराच वेळ चालू होता.

एक शंका, आज सकाळी थंड गाडीत पातळी बोटभर खाली दिसतेय, खाली जमिनीवर डाग नाही. घाबरायचं का?

जुना_फिटर
नाही, उरलेली हवा निघाली. थंड असतानाच भरा, आणि गुरुवारी परत बघा. तेव्हाही उतरली असेल तर त्या आखूड होजचा क्लॅम्प टॉर्च मारून बघायचा आणि मला कळवायचं.