फाटकाला कुलूप लावून ख्रिस्ताची साक्ष देता येते का?

मूळ मत (कोपरी, ठाणे)
गेल्या रविवारी सायंउपासनेनंतर आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पायरीवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. मुठीत चिंधी, चिंधीला नशेसाठी हुंगतात त्या पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. रखवालदाराने त्याला हुसकले आणि फाटक लावून घेतले. दोनच दिवसांनी वडीलमंडळाने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, ठरवले की, तरुण संघ दर मंगळवारी स्थानकाबाहेर अशा मुलांना चहा-नाश्ता देतो, तेही थांबवावे, कारण जग बिघडले आहे आणि आपली मुले जपली पाहिजेत. मला हे पटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील प्रार्थनेत प्रभू शिष्यांना जगातून काढून घे असे मागत नाही, दुष्टापासून राख एवढेच मागतो. (‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ हा दाखला मुद्दाम टाळतो; तो आपण ऐकून ऐकून गुळगुळीत केला आहे.) १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि तिथल्या निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या, तेव्हाचे जग काही उजळ नव्हते.

उत्तर (ऐरोली)
भाऊ, रमाबाईंनी त्या मुलींना आणून ठेवले ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या आवारात, बाजारात नव्हे. माझी सोळा वर्षांची मुलगी तुमच्या मंगळवारी आली होती. एक मोठा मुलगा वाशीच्या लोकलपर्यंत तिच्या मागे आला आणि तिच्यासोबत मंडळीचे एकही वडील नव्हते. हाताला तेल न लावता फणस चिरायला पोरांना पाठवायचे, याला मी विश्वास म्हणत नाही. याकोबाने आपल्या पत्रात स्वतःला जगापासून निष्कलंक राखायला सांगितले आहे, आणि प्रभूही पहाटे एकांती जात असे.

मूळ लेखक
ताई, मुलीबाबत आपण म्हणता ते खरे आहे आणि ती चूक आमची. परंतु याकोबाच्या त्याच वचनात, निष्कलंक राहण्याच्या आधी, अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यायला सांगितले आहे. वडीलमंडळाने अर्धेच वचन वाचले. एकांतातून प्रभू परत गावोगावी जाई, हेही मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. मुलांना पाठवू नये हे मान्य. मग ठराव करणाऱ्या वडिलांनी जावे.

उत्तर (कळवा)
चहाने आपले समाधान होते, त्या मुलाची चिंधी सुटत नाही. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करून त्याला बालकल्याण समितीसमोर नेणे, आणि पुढे महिनोन्महिने त्याची विचारपूस करणे, एवढी तयारी कोणाची आहे? नसेल तर फाटक उघडे काय नि बंद काय.

ऐरोली
मी मंगळवारी येते, मुलीला न आणता, साडेआठच्या लोकलपर्यंत. माझे मत मात्र तेच आहे.