वेड्या राघूला ‘बुद्धिमत्ता’ आहे म्हणावं, की त्याला ‘कळतं’ म्हणावं?

पौड रस्ता

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर येणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी पक्ष्यांची एक छोटी पुस्तिका लिहितेय. माणसाच्या आणि इतर प्राण्यांच्या डोक्याची तुलना करणारं एक पान त्यात आहे आणि तिथेच अडले. आधी ‘बुद्धिमत्ता’ लिहिलं. आईने वाचलं आणि विचारलं, “म्हणजे चिमणीला मार्क किती?” तेव्हापासून तो शब्द टोचतोय. अक्कल, हुशारी, समज, जाण, प्रज्ञा असे सगळे घालून पाहिले, पण प्रत्येकाने वाक्याचा रोखच बदलतो. आणि त्या पानावर चित्र आहे ते वेड्या राघूचं, म्हणजे उडत्या माशा पकडून खाणाऱ्या त्या छोट्या हिरव्या पक्ष्याचं. नावातच वेड! तुम्ही कुठला शब्द वापराल?

सदाशिव पेठ

ताई, तुमच्या आईंनी नेमकं बोट ठेवलं. ‘बुद्धिमत्ता’ म्हणजे बुद्धिमत् असण्याचा गुण, बुद्धिमत् अधिक ता. (मालमत्तेतली ‘मत्ता’ वेगळी, ती अरबीतून आलेली. पण कानाला दोन्ही सारख्याच लागतात आणि ‘बुद्धिमत्ता’ म्हटलं की साठवलेलं, मोजता येणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं.) त्याला जोडून बुद्ध्यंक, म्हणजे आयक्यू, आला. हो, बुद्ध्यंकच. बुद्धि अधिक अंक, ‘बुद्ध्यांक’ नव्हे. ज्या चाचण्यांतून तो अंक पुढे निघाला त्यातली पहिली १९०५ साली पॅरिसमध्ये तयार झाली, तीही शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी. शाळेतल्या मुलांची पट्टी पाखराला लावायची का, हा खरा प्रश्न आहे.

साधी ‘बुद्धी’ मोजमापाची नाही. धातू बुध्, म्हणजे जागं होणं, जाणणं. आपण म्हणतो, ‘देवा, याला चांगली बुद्धी दे’, ‘मला तेव्हा तशी बुद्धी झाली’. तिथे बुद्धी म्हणजे मनाचा कल. ‘हुशारी’ फारसीतून आली, तिच्या मुळाशी होश आहे, भान. आजारातून उठलेला माणूस ‘आज जरा हुशारी वाटतेय’ म्हणतो, त्याचा पहिल्या नंबराशी काही संबंध नसतो. या जुन्या अर्थाने वेडा राघू पुरता हुशार आहे.

‘अक्कल’ अरबी. अरबी कोशकार तिचं नातं उंटाचा पाय बांधायच्या दोरीशी जोडतात: अक्कल म्हणजे आवर. पण मराठीत हा शब्द बहुतेक वेळा कुणाची तरी काढायलाच वापरतात. मुलांच्या पुस्तिकेत नको.

आळेफाटा, सध्या हडपसर

आमच्याकडे बैलजोडी होती. त्यातला एक, जू ठेवायच्या आधीच मान पुढे करायचा. पण वडील आजारी असताना दुसरं कुणी औत धरलं की जागचा हलायचा नाही. ‘बैल बुद्धिमान आहे’ असं आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. आजी म्हणायची, “त्याला बोलता येत नाही, पण कळतं सगळं.” माझ्या मते तुमचा शब्द हाच, ताई. कळणं.

आमच्या आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा लहानपणी शंभरदा ऐकली. मोठं झाल्यावर एकदा वाटलं, जनावराचा मान राखायला त्याला माणसाची भाषा बोलायला लावावी लागली. चमत्काराबद्दल माझी काही तक्रार नाही, श्रद्धाच आहे. पण मुक्या जनावराला कळतं हे मानायला तेवढं का लागावं, एवढंच मनात येतं.

औंध

ताई, तुम्ही नकळत फार योग्य पक्षी निवडलात.

वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. बीळ उघडं पडलं की साप, मुंगूस, माणूस, कुणीही लुटू शकतं. पुण्याच्याच आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्याला एक साधा प्रश्न विचारला: समोरच्याला काय दिसतंय, हे तुला कळतं का? त्यांचा शोधनिबंध २००२ साली आला. माणूस अशा जागी उभा राहिला की जिथून त्याला बिळाचं तोंड दिसतं, तर राघू आत जायला कचरतो, चोचीत चतुर धरून तारेवर खोळंबतो. तेवढ्याच अंतरावर माणूस आहे, पण तिथून त्याला बीळ दिसत नाही, तर राघू जास्त सहज आत जातो. म्हणजे नुसती माणसाची भीती नाही. माणसाच्या डोळ्यांपुढे काय आहे याचा काही हिशेब तो करतो. दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं ही आपलीच मिरास, असं आपण धरून चाललो होतो.

आणि आपण त्याला म्हणतो वेडा. तारेवरून झेप घ्यायची, हवेत गिरकी मारून माशी पकडायची आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसायचं, या फेऱ्या पाहून पडलं असावं ते नाव.

‘पोपटपंची’ हा शब्दही असाच अपुरा पडतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी करड्या पोपटाबरोबर १९७७पासून तीस वर्षं काम केलं. थाळीतल्या वस्तूंचा रंग, आकार, संख्या विचारली की तो शब्दांत उत्तर द्यायचा. प्रश्न बदलला की उत्तर बदलायचं. याला पंची कसं म्हणणार?

कोथरूड

हे सगळं मान्य. पण ‘कळतं’ म्हणून थांबलात तर तुलना कशी करणार? मुलं विचारणारच, सगळ्यात हुशार कोण. माणूस काहीतरी वेगळा आहेच ना. जुन्या सुभाषितात म्हटलंय, आहार, निद्रा, भय, मैथुन पशूंत आणि माणसांत सारखं, पण ज्ञान हे माणसाचं अधिक. हवं तर मेंदू मोजा.

औंध

मोजलेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत सुमारे २५७ अब्ज. पण हत्तीच्या जवळजवळ ९८ टक्के पेशी मागच्या लहान मेंदूत. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी, त्यातल्या दोन-तृतीयांश हातांत! आता लावा क्रम.

क्योटोच्या आयुमू नावाच्या चिंपांझीने पडद्यावर सेकंदाच्या जेमतेम पाचव्या हिश्शापुरते दिसलेले पाच आकडे झाकल्यावरही ओळीने दाखवले. २००७ साली छापलेल्या त्या प्रयोगात विद्यापीठातले विद्यार्थी त्याच्या मागे पडले. पुढे माणसांनी सराव करून ती मजल गाठली, हेही लिहा, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

सदाशिव पेठ

कोथरूडकर, त्या सुभाषिताचा दुसराही पाठ आहे. त्यात ‘ज्ञान’च्या जागी ‘धर्म’ आहे. माणसाचं अधिक नेमकं काय, यावर पाठ करणाऱ्यांचंही एकमत नव्हतं.

माणसाचं वेगळेपण मी नाकारत नाही. एका पिढीचं कळलेलं पुढच्या पिढीला सांगून त्यावर आणखी रचणं आपल्याइतकं कुणी करत नाही. पण ते एकट्या डोक्याचं काम नाही, म्हणून त्यालाही ‘बुद्धिमत्ता’ पुरत नाही.

तुलनेचं म्हणाल तर मराठीचं व्याकरणच वाट दाखवतं. ‘बुद्धिमान’ म्हटलं की वाक्य तिथेच संपतं. ‘कळतं’ म्हटलं की लगेच विचारावं लागतं: कुणाला, काय? राघूला काय कळतं, बैलाला काय, आपल्याला काय.

पौड रस्ता

काका, मिळालं. पानाचा मथळा आता असा: ‘कुणाला काय कळतं?’ ‘बुद्धिमत्ता’ एकदाच येईल, चाचण्यांबद्दल सांगताना. पहिलं वाक्य: ‘तुम्हाला त्याचं बीळ दिसतंय की नाही, हे वेड्या राघूला कळतं.’

नाव तसंच ठेवतेय. मुलांना आधी टेकडीवर नेईन, दरडीपासून लांब उभं करून तो आत जातो का ते पाहायला लावेन आणि मग विचारेन, याला वेडा का म्हणत असतील. आजींचं वाक्य पानाच्या खाली घालू का, आळेफाटा?

आळेफाटा, सध्या हडपसर

घाला की. नाव नको, ‘एक आजी’ एवढंच लिहा.