मदत हवी आहे: ऐरोलीची बोटफेरी आणि भरतीची वेळ

येत्या रविवारी मैत्रिणीसोबत ठाण्यातला शेवटचा दिवस. रात्री ११ नंतर ठाण्याहूनच कोकणची गाडी आहे, हॉटेल सकाळी १० ला सोडायचंय. संध्याकाळ ठरली आहे: तलावपाळी, कौपिनेश्वर मंदिर, मग मामलेदारची मिसळ (तिखट कमी सांगायची, प्रवास आहे).

अडलंय ते दिवसाचं. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायचेत. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडून पक्षी भरपूर दिसतात, पण बोट रुतते. पूर्ण भरतीला बोट आरामात जाते, पण चिखल बुडाल्याने पक्षी पांगतात. म्हणजे मधलीच वेळ गाठायला हवी. नेटवरचे भरतीचे तक्ते अपोलो बंदराचे (मुंबईत, गेटवेजवळ), ऐरोलीत पाणी त्यानंतर चढतं. शिवाय रविवारी ट्रान्सहार्बरवर (ठाणे–ऐरोली लोकलचा मार्ग) मेगाब्लॉक असू शकतो, तेव्हा रिक्षाचा पर्याय धरलाय. मैत्रिणीचे गुडघे दुखतात, त्यामुळे येऊरचा डोंगर नको. सामान दोन बॅगा, दोन्हींना कुलूप आहे, कारण क्लोकरूमला त्याशिवाय घेत नाहीत.

नेहमी जाणाऱ्यांनी सांगा: अपोलो बंदराच्या वेळेत ऐरोलीसाठी किती मिनिटं मिळवायची? आणि बोटीत चढताना गुडघेदुखीवाल्यांना उंच पायरी लागते का?